सभासद क्रमांक एकशे बारा

"वैजीनाथराव, त्या वकिलाच्या कादंबरीवरचं तुमचं मत वाचलं. लय सरळ लिहिता बुवा तुमी," असं म्हणत हायस्कुलातले किशनराव मास्तर सायकलवरून उतरले आणि कलेक्टर कचेरीच्या फाटकापाशी त्यांनी वैजीनाथच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळचे साडेदहा झाले होते. जिनिंगकडं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, हवेत बारीक पुंजके तरंगत होते आणि त्यातला एक मास्तरांच्या मिशीवर येऊन बसला होता. वैजीनाथनं कुठल्याही कादंबरीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. ती कादंबरी त्यानं वाचलीही नव्हती. चौतीस वर्षांच्या आयुष्यात एकही मराठी कादंबरी त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली नव्हती. असं असताना, "आपलं सुचलं ते लिहिलं, मास्तर," हे शब्द त्याच्या तोंडून इतक्या सहज निघाले की बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. मास्तर हसले. "त्या नवऱ्याला बरोबर धरलंत. कोर्टात बोलतो तसाच घरात बोलतो म्हणे! परवा वाचनालयात सगळे हसत होते." एवढं बोलून ते सायकल हाताशी धरून शाळेकडं गेले. वैजीनाथ फाटकातच उभा राहिला. आपला सदरा घालून कुणीतरी गावभर हिंडून यावं आणि लोकांनी ओळख मात्र आपल्याला दाखवावी, तसं त्याला झालं.

पुस्तकं कोण वाचतं ते त्याला ठाऊक होतं. पुस्तकं कोकिळा वाचायची, त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी तिनं वाचनालयाचं नाव काढलं आणि तो आपल्याच नावानं सभासद झाला, क्रमांक एकशे बारा. दर शनिवारी संध्याकाळी तो कचेरीतून परतताना वाचनालयाच्या दारात सायकल लावायचा, पिशवीतलं पुस्तक वाचनालय सांभाळणाऱ्या माणिकरावांच्या टेबलावर ठेवायचा, माणिकराव कपाटातून दुसरं काढून "हे न्या, हे चांगलं हाय," म्हणायचे आणि तो ते पिशवीत घालायचा, वाण्याकडून पुडा घ्यावा तसा. पुस्तकाचं नावही तो वाचत नसे. गेल्या दिवाळीपासून माणिकराव प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घालायला लागले होते. वरच्या बाजूला छापलेलं, 'हे पुस्तक आपणांस कसे वाटले?' आणि खाली कोरी जागा. चिठ्ठी त्यानं पाहिली होती. ती कुणी भरून देत असेल हे मात्र त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत तो वाचनालयात गेला. माणिकराव जेवायला गेले होते. भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर टाचण्यांनी सात-आठ चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, वर खडूनं 'वाचकांची मते' असं वळणदार अक्षर. त्यातल्या तीन चिठ्ठ्यांखाली एकशे बारा आकडा होता आणि 'श्री. वैजीनाथ आबासाहेब' असं नाव. चिठ्ठ्यांवरचं अक्षर कोकिळेचं होतं. ते त्याला लगेच ओळखू आलं. माहेरी पाठवायच्या पत्रांवर, पापडाच्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर त्यानं ते पाहिलेलं होतं. गोल, उभं, शाळेतल्या कित्त्यासारखं. त्यानं वाचायला सुरुवात केली. मराठी वाचताना त्याचे ओठ हलायचे आणि डावी तर्जनी अक्षराखालून सरकायची. इथं कुणी नव्हतं म्हणून त्यानं बोट सरकू दिलं. 'ही कादंबरी मला निम्मी आवडली. वकील घरीसुद्धा कोर्टात बोलल्यासारखे बोलतात. त्यांची बायको मात्र खरी आहे. तिला राग आला की ती काही बोलत नाही, फडताळातले डबे काढून पुसते. हे लेखकाला कसे कळले याचे मला नवल वाटते.' त्यानं ते दोनदा वाचलं. पहिली गोष्ट त्याच्या डोक्यात आली ती ही, की कागदावरची ही बाई 'आहे' म्हणते. घरातली कोकिळा 'हाय' म्हणायची. अकरा वर्षांत 'आहे' म्हणणारी बाई त्याच्याशी एकदाही बोलली नव्हती. आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली ती डब्यांची. महिन्यातून दोनदा तरी कोकिळा डबे पुसायची. तो खाटेवर बसून बघायचा आणि मनात म्हणायचा, बायको लय स्वच्छ हाय आपली.

दुसऱ्या चिठ्ठीपाशी त्याचं बोट अडलं. 'म्हातारी आई लेकीच्या सासरी येते आणि कुणी आग्रह केला नाही म्हणून न जेवता परत जाते, तिथे मी रडलो.' चिठ्ठी निळ्या शाईची होती. पण 'रडलो'चा काना जांभळा होता. मूळ शब्द 'रडले' असा होता आणि कुणीतरी त्याच्यापुढं एक उभी रेघ ओढून बाईचा पुरुष केला होता. माणिकरावांच्या टेबलावर जांभळी पेन्सिल पडलेली होती, पुस्तकं परत करायच्या तारखा ते तिनंच लिहायचे. वैजीनाथनं पेन्सिलीकडं पाहिलं, मग कान्याकडं पाहिलं. म्हणजे माणिकरावाला ठाऊक होतं. हे लिहिणारी बाई आहे, ती अमक्याची बायको आहे, ती अमक्या पानावर रडली आहे, हे सगळं त्या धुतल्या टोपीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या, बायको वारलेल्या माणसाला ठाऊक होतं, आणि ते त्यानं एका रेघेनं झाकून ठेवलं होतं. कोकिळेची आई गेली तेव्हा कोकिळा रडली नव्हती. म्हणजे वैजीनाथसमोर रडली नव्हती. तो तिला गाडीनं माहेरी घेऊन गेला, तेरा दिवस तिथं राहिला, तिचे डोळे कोरडे पाहून त्याला जरा बरंच वाटलं होतं. ते पाणी कुठंतरी साठून राहिलं असेल आणि एका चिठ्ठीवर येऊन सांडेल आणि ते टिपायला दुसराच कुणी बसलेला असेल, असं त्याला कुठून कळणार?

मागं वळून पाहिलं तर हे सगळं किती वेगळं सुरू झालं होतं. कोकिळेचं माहेर वऱ्हाडातलं, जिंतूरच्या पलीकडं, हद्दीच्या त्या अंगाला. तिथं इंग्रजी अंमल, मराठी शाळा. ती सातवी झालेली. वैजीनाथ पालमकडचा, निजामाच्या अंमलातला. वडिलांनी पोराला शेतातून काढून शिकवलं ते उर्दूत, कारण नोकरी उर्दूतच होती. लग्न झालं तेव्हा तो तहसिलीत लागला होता आणि त्याचं अक्षर बघायला साहेब लोक मिसली, म्हणजे कचेरीच्या फायली, मागवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो संध्याकाळी ओट्यावर बसून हैदराबादचा अखबार मोठ्यानं वाचायचा आणि कोकिळा उंबऱ्यावर हनुवटीला हात लावून ऐकायची. एक अक्षर कळायचं नाही तिला. "तसंच पुन्ना एकदा वाचा," म्हणायची. उजवीकडून डावीकडं जाणाऱ्या त्या अक्षरांकडं बघायची आणि त्याच्याकडं बघायची. तसं तिनं त्याच्याकडं नंतर कधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, मधली आठ वर्षं अशीच अर्धी-मुर्धी गेली, आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला तसे कचेरीतले सगळे कागद मराठीत आले. पुण्याकडून बदलून आलेले हेडक्लार्क त्याच्या टिपणावर लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करून कागद परत टाकायचे आणि आजूबाजूचे मान खाली घालून हसायचे. घरात सातवी पास बायको होती; टिपण तिच्या पुढं धरलं असतं तर लाल शाई लागलीच नसती. पण ते त्यानं कधी केलं नाही. लाल शाई परवडली, असं त्याला वाटायचं. आता त्याला रेकॉर्डच्या खोलीत बसवलेलं होतं. येलदरीला पूर्णेवर धरण व्हायचं होतं, पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींचे जुने कागद उर्दूत होते आणि ते झरझर वाचणारा तोच एक उरला होता. दिवसभर तो बुडणाऱ्या शेतांची नावं वाचायचा. कुणाचं चिंचेचं शेत, कुणाचं विहिरीचं, कुणाचं सटवाईचं. डोळ्यांखालून जाणाऱ्या त्या वळणदार ओळींत त्याला सुखानं श्वास घेता यायचा. बाहेर आला की तो पुन्हा अडखळणारा माणूस.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं काही विचारलं नाही. कोकिळा चुलीपुढं होती, काठवटीच्या पलीकडं पुस्तक उघडं पालथं घातलेलं, आणि भाकरी तव्यावर टाकली की तिचा हात पुस्तकाकडं जायचा, भाकरी फिरवायची वेळ झाली की परत यायचा. मधल्या तेवढ्या वेळात तिचे डोळे ओळींवरून कसे पळत होते! ओठ हलत नव्हते, बोट नव्हतं. मध्येच तिच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं, हसू म्हणावं तर हसू नाही. त्या पानावर असं कोण होतं? त्याला त्या कोणाचा तरी राग आला. आणि एकदम लक्षात आलं, की गेली दोन वर्षं आपल्या बायकोनं काय वाचावं हे माणिकराव ठरवत आलाय. 'हे न्या, हे चांगलं हाय.' कोणासाठी चांगलं? कोणाच्या हातात जाणार ते ठाऊक असल्याशिवाय माणूस असं म्हणतो का? पानावर बसता बसता त्यानं विचारलं, "कशी हाय कादंबरी?" ती जराशी दचकली. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यानं केला नव्हता. "बरी हाय," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात वरण वाढलं. बरी हाय! कागदाला वीस ओळी, त्याला दोन शब्द. जेवताना त्याचं लक्ष फडताळातल्या डब्यांवर होतं. ते लखलखत होते, आणि कधी, कशावरून ते इतके लखलखायला लागले ते त्याला एकेक करून आठवायचं होतं आणि आठवत नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुस्तक परत करण्याआधी त्यानं रस्त्यात सायकल थांबवली, चिठ्ठी काढून खिशात घातली आणि पुस्तक तसंच टेबलावर ठेवलं. माणिकरावांनी ते हातात घेतलं, पानं भुर्रकन फिरवली, पुन्हा एकदा फिरवली, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते पाहून वैजीनाथला आतून गोड वाटलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही त्यानं तेच केलं. चिठ्ठ्या तो रेकॉर्डच्या खोलीत, धरणाच्या मिसलींच्या मागं ठेवायचा आणि दुपारी दार लोटून वाचायचा. एकीत लिहिलेलं होतं, की कादंबरीतली माणसं दिवसभर चहा पितात, पण भांडी कोण घासतं ते लेखक सांगत नाही. त्याला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. ही विनोद करते? कुणापाशी? दुसरी चिठ्ठी लाल पुठ्ठ्याच्या एका कादंबरीवर होती, जिचा नायक प्रोफेसर होता. 'यातला नवरा दर थोड्या पानांनी बायकोला विचारतो, तुझ्या मनात काय आहे? असा नवरा मी पाहिलेला नाही. लेखकानेही पाहिला नसावा. परंतु तो विचारतो ती पाने मी दोनदा वाचली.' ही चिठ्ठी त्यानं किती वेळा वाचली त्याला गणती नाही. माणिकरावाचा मत्सर त्याला समजत होता. तो हाडामांसाचा माणूस होता, त्याला टोपी होती, त्याच्या टेबलावर पेन्सिल होती. पण हा प्रोफेसर! हा कुठंच नव्हता, ह्याला रस्त्यात गाठून दोन शब्द सुनावता येत नव्हते, आणि ह्याच्याकडं त्याची बायको दोनदा गेली होती.

तिसऱ्या शनिवारी माणिकरावांनी त्याला बसायला खुर्ची दिली. "तब्येत बरी हाय ना? दोन खेपा झाल्या, चिठ्ठी न्हाई. लोक इचारायलेत." वैजीनाथ म्हणाला, कामं लय आहेत, धरणाची. तो त्यांच्या डोळ्यांत बघत होता. तिथं चोरी दिसते का, थट्टा दिसते का. काहीच दिसत नव्हतं. माणिकराव पुढं झुकले. "वाचनालयाचा वाढदिवस हाय पुढच्या रविवारी. दुपारी चारला. मी म्हणलं, ह्या खेपेला बाहेरचा कुणी वक्ता नको, आपलाच वाचक बोलू द्या. तुमी धा मिनिटं बोलायचं. अलीकडं वाचलेल्या कादंबऱ्या. जसं लिहिता तसंच, सरळ." न्हाई म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण त्याच्या डोळ्यांपुढं हेडक्लार्क आले, पहिल्या रांगेत बसलेले, लाल शाई खिशात ठेवून ऐकणारे. आणि दुसराही एक विचार आला, जो त्यानं नंतर स्वतःशीसुद्धा कबूल केला नाही: प्रोफेसरावरची ती चिठ्ठी माणिकरावाच्या हाती पडण्याआधी आपणच लोकांपुढं बोलून टाकली, की ती आपली झाली.

आठवडाभर तो दुपारी तेच करत होता. कोकिळेची वाक्यं त्यानं उर्दू अक्षरांत उतरवून घेतली, म्हणजे बोट न लावता, जीभ न अडखळता ती वाचता येतील. तिचं मराठी त्याच्या अक्षरात किती देखणं दिसत होतं! चार ओळी लिहून झाल्या की तो कागद दूर धरून बघायचा. ही वाक्यं आता कोकिळेलाही वाचता येणार नव्हती, आणि ह्या गोष्टीनं त्याला जे समाधान वाटलं ते फारसं चांगलं नव्हतं हे त्याला त्याच वेळी कळत होतं.

रविवारी वाचनालयाच्या अंगणात मांडव घातला होता. साठ-सत्तर माणसं होती. हेडक्लार्क खरोखरच पुढं बसले होते. बायकांसाठी एका बाजूला जाजम टाकलं होतं, आणि वैजीनाथ बोलायला उभा राहिला तेव्हा त्याला त्या जाजमावर शेजारच्या धुरपदाबाईंच्या पाठीमागं कोकिळेचा हिरवा पदर दिसला. तिला त्यानं काही सांगितलं नव्हतं. धुरपदाबाईंनी ओढून आणलं असणार. क्षणभर कागदावरची अक्षरं त्याला परकी झाली. पण मग त्यानं वाचायला सुरुवात केली आणि पाणी उतारावरून जावं तसा त्याचा आवाज निघाला. वकील कोर्टात बोलल्यासारखे बोलतात म्हणाला तेव्हा लोक हसले. भांडी कोण घासतं ते लेखक सांगत नाही म्हणाला तेव्हा बायकांच्या जाजमावरूनसुद्धा हसण्याची लाट आली. हेडक्लार्कांनी मान हलवली. तो प्रोफेसराकडं आला. "असा नवरा मी पाहिलेला नाही," तो म्हणाला आणि थांबला, तसं थांबायचं हे त्यानं आधीच ठरवलेलं होतं, "आणि लेखकानेही पाहिला नसावा." टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य, पानं दोनदा वाचल्याचं, त्यानं गाळलं. त्यानं बायकांच्या जाजमाकडं बघितलं नाही. अकरा वर्षांमागचा तो ओटा आणि तो अखबार त्याला आठवत होता आणि छाती भरून येत होती.

मग किशनराव मास्तर उठले. त्यांच्या मनात काही नव्हतं. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही एवढंच. "वैजीनाथराव, त्या प्रोफेसराच्या कादंबरीचा शेवट तुमाला पटला का?" वैजीनाथच्या कागदावर शेवट नव्हता. चिठ्ठीत तो नव्हताच. त्यानं कागद उलटा करून पाहिला. "पटला," तो म्हणाला, "नवरा-बायको शेवटी एक झाले, बरं झालं." मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "पण ती तर भावाकडं निघून जाती. परत येतच न्हाई की!" मागं कुणीतरी फिसकन हसलं, हेडक्लार्कांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. तेव्हा माणिकराव पुढं आले आणि आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, "वैजीनाथरावांना म्हणायचंय, मनानं एक झाले. ती दूर गेल्यावरच त्याला ती कळली. असा अर्थबी निघतो." लोकांनी माना डोलावल्या. वैजीनाथला वाटलं, सगळे मिळून हसले असते तर बरं झालं असतं. ह्या माणसाच्या हातून वाचण्यापेक्षा ते सोसलं असतं.

दिवस बुडायच्या आत दोघं घरी निघाले. तो सायकल ढकलत होता, ती चार पावलं मागं. स्टेशनच्या रस्त्यावरून वळल्यावर माणसं संपली, तसा तो मागं न बघता म्हणाला, "रडलेचं रडलो कुणी केलं?"

"काय?"

"चिठ्ठीवर. जांभळा काना."

तिनं आठवून पाहिलं. "मीच केलं. लिहून झाल्यावर ध्यानात आलं, पुस्तक तुमच्या नावावर हाय. दौतीतली शाई सरली होती. तुमच्या सदऱ्याच्या खिशातली पेन्सिल घेतली."

तो थांबला. "मला वाटलं माणिकरावानं."

"माणिकरावानं कशाला?" असं म्हणून ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि बघता बघता तिला ते कळलं, कळताना तिचा चेहरा कसा बदलला ते त्यानं पाहिलं आणि मान वळवली. "आगं बाई," ती म्हणाली. "महिनाभर तुमी हे घिऊन हिंडायलाव?" त्यानं सायकल पुढं ढकलली. "म्हणून चिठ्ठ्या ठेवून घेतल्या व्हय? आन आज त्याच वाचल्या?"

"मग तू कुणासाठी लिव्हत होतीस?" त्याचा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"कुणासाठी न्हाई," कोकिळा म्हणाली. "कागदावर इचारलं होतं, म्हणून सांगितलं." मग ती पुढं झाली, सायकलच्या बरोबरीनं आली, आणि थोडं चालल्यावर म्हणाली, "मला इचारलं असतं तर शेवटबी सांगितला असता."

घरी आल्यावर तिनं फडताळ रिकामं केलं आणि एकेक डबा पुसायला घेतला. तो खाटेवर बसून बघत राहिला. आता त्याला ते पुसणं वाचता येत होतं, पण काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात गेला आणि माणिकराव काही बोलायच्या आत म्हणाला, "तो लाल पुठ्ठ्याचा प्रोफेसर द्या." त्यांनी दिला. ते पुस्तक त्यानं घरी नेलं नाही. रेकॉर्डच्या खोलीत ठेवलं आणि रोज दुपारी दार लोटून वाचायला बसला, बोट लावून, ओठ हलवून, दिवसाला चार पानं, कधी पाच. सुरुवातीला तो वाचत नव्हताच, शोधत होता. असं काय आहे ह्या माणसात? कुठली ती पानं? प्रोफेसर बायकोला टेकडीवर नेत होता, फुलं आणत होता. वैजीनाथ प्रत्येक वाक्यापाशी थांबून त्या माणसाला नखशिखांत न्याहाळायचा, एखाद्या सोयरिकीला आलेल्या मुलाला न्याहाळावं तसा. पहिल्यांदा 'तुझ्या मनात काय आहे?' आलं तेव्हा त्यानं पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या दिवशी पुढं वाचलंच नाही. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा आलं, मग तिसऱ्यांदा. आणि कुठंतरी सहाव्या-सातव्या खेपेला त्याचं बोट एका ओळीखाली थबकलं, तो चार पानं मागं गेला, मग आणखी मागं गेला, आणि खोलीत कुणी नसताना "अरेच्चा," असं मोठ्यानं म्हणाला.

एप्रिल लागला होता. रविवारची दुपार, ऊन इतकं की कोकिळेनं दारं लावून घेतली होती आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात ती तांदूळ निवडत बसली होती. वैजीनाथनं पिशवीतून लाल पुस्तक काढलं आणि तिच्यापुढं बसला. दोन महिने त्यांचं बोलणं जेवढ्यास तेवढं चाललं होतं. "हा तुझा प्रोफेसर," तो म्हणाला, "लबाड हाय."

तिचे हात थांबले. "तुमी वाचलं?"

"वाचायलोय. तो इचारतो, तुझ्या मनात काय हाय. बरं, इचारलं. मंग थांबतो का? इचारलं की खिडकीबाहेर बघतो. न्हाई तर सिगारेट पेटवतो. न्हाई तर लेखकच चंद्र उगवून देतो. बाईनं तोंड उघडलं न्हाई तवर त्याचं पुढचं बोलणं सुरू. मी नऊ ठिकाणं पाहिली. एकदाबी तिचं उत्तर आयकून घेतलं न्हाई त्यानं." त्यानं बोटानं पानं उलगडून दाखवली, कोपरे दुमडून ठेवले होते.

कोकिळेनं सूप बाजूला सारलं आणि पुस्तक ओढून घेतलं. एक पान वाचलं, दुसरं, तिसरं. तिचे डोळे पळत होते, मग हळू झाले, मग एका जागी थांबले. बाहेर कुठंतरी होला घुमत होता. "मी दोनदा वाचलं की हे," ती स्वतःशी म्हणाली. "इचारतोय म्हणूनच खूश झाले मी. पुढं बघितलंच न्हाई." आणि मान वर करून तिनं त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "तुमाला कसं दिसलं? माझ्या आदी?"

"मला पळता येत न्हाई ना," तो म्हणाला. "एकेक अक्षर उचलून बघावं लागतं."

"पण माझ्या आदी!" तिचा आवाज चढला होता. नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मी सातवीपासून वाचायले. दोन वर्षं झाली, कपाट संपवलं मी त्यांचं. आन तुमी एक पुस्तक वाचून..." तिनं वाक्य सोडून दिलं. त्या सोडलेल्या वाक्यात जे होतं त्याची चव वैजीनाथला चांगली ठाऊक होती. थंडीभर तो तीच चव तोंडात घेऊन हिंडला होता. ती दुसऱ्याच्या तोंडात अशी उघडी दिसेल, आणि तीही हिच्या, हे त्याला सुचलं नव्हतं. त्याला हसावंसं वाटलं, पण त्यानं हसू बाहेर येऊ दिलं नाही.

"द्या ते इकडं," ती म्हणाली. पुस्तक तिच्याच हातात होतं, हे तिच्या ध्यानात नव्हतं. "मी पुन्ना वाचते. पहिल्यापासून."

"थांब की." त्यानं हात पुढं करून ते अलगद सोडवून घेतलं. "माझी अठरा पानं ऱ्हायलीत."

"शेवट तर सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"मी वाचला न्हाई अजून."

ती उठली नाही. गुडघ्यांभोवती हात घालून त्याच्या समोर बसून राहिली, मान तिरकी करून उलट्या बाजूनं ओळी बघत, आणि त्याचं पान संपायची वाट बघत. वैजीनाथनं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि वाचायला लागला, पहिल्यापेक्षाही जरा सावकाश.